खाली नाव नसलेला कागद

त्रिवेणीबाई कुठलाही कागद हातात आला की आधी खालून बघायच्या. वर काय लिहिलंय, कुणाला लिहिलंय, ते मागाहून. आधी तळाशी नाव आहे का, बापाचं नाव आहे का, वय, धंदा, राहणार कुठले. सगळं जागच्या जागी दिसलं की मगच चष्मा सावरून पहिल्या ओळीवर जायच्या. लग्नाची पत्रिका आली तरी हीच तऱ्हा. त्यांची भाची तेजश्री एकदा म्हणाली, "आत्या, तू पिच्चरचं पोस्टर पण नीचेसेच वाचते क्या गे?"

"हौ, वाचते," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "छापणाऱ्याचं नाव खालीच असतं."

ही खोड वडिलांची. अंबाजीराव निजामाच्या अमदानीत नामपल्लीच्या एका कचेरीत पेशकार होते. साहेबापुढे अर्ज मांडायचे हे त्यांचं काम. उर्दूत फर्डे, मोडीत फर्डे, आणि राज्य बदलल्यावर दोन वर्षांत इंग्रजीतही फर्डे. मोहल्ल्यातले लोक रात्री-बेरात्री त्यांच्या दाराखालून तक्रारी सरकवत. खाली नाव असलं तर अंबाजीराव सकाळी तो कागद घडी करून खिशात घालत. नाव नसलं तर वाचतसुद्धा नसत, सरळ न्हाणीतल्या बंबात. त्रिवेणीच्या लहानपणी त्या घरात अंघोळीचं पाणी कितीकदा निनावी तक्रारींवर तापलं असेल, देव जाणे! ज्याला स्वतःचं नाव लिहायला भीती वाटते त्याचं गाऱ्हाणं सरकारने कशाला ऐकावं, असं त्यांचं म्हणणं. मुलीने ते ऐकलं आणि गाठीला बांधलं.

लग्न काही झालं नाही बाईंचं. का झालं नाही हा वेगळा किस्सा आहे, आणि त्यात बाईंची काही चूक नव्हती एवढंच सांगतो. वडील गेल्यावर त्यांनी गौलीगुड्याला, बस अड्ड्यामागच्या गल्लीत, घर नंबर १५-७-२१७, पहिला मजला, इथे टायपिंगचे वर्ग काढले. नऊ मशिनी. सकाळी सातपासून खडखडाट सुरू. मुलांना शिकवायचं आणि मधल्या वेळात लोकांचे अर्ज टाइप करून द्यायचे. लोक यायचे, तोंडाने रडगाणं सांगायचे, आणि खालची जागा कोरी सोडायचे. ती जागा बाई भरायच्या. त्यांच्याकडे एक जाडजूड रजिस्टर होतं. एकदा आलेल्या गिऱ्हाईकाचं नाव, बापाचं नाव, वय, धंदा, पत्ता त्यात कायमचा. दुसऱ्यांदा आलात तर तुम्हाला काही सांगावं लागत नसे. "तुमचं सगळं आहे माझ्याकडे," असं बाई म्हणायच्या, आणि गिऱ्हाईकाला ते ऐकून बरं वाटायचं.

ही गोष्ट त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची. तेव्हा जो तो 'सुधारणा' म्हणत होता. पेपरात सुधारणा, रेडिओवर सुधारणा. गल्लीच्या तोंडाशी एस.टी.डी.चा पिवळा बूथ आला, समोरच्या गच्चीवर परातीएवढी डिश आली, आणि तेजश्री अमीरपेठला कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागली. "आत्या, तुझ्या मशिनी म्युझियममध्ये ठेव," असं ती येता-जाता ऐकवायची. त्रिवेणीबाईंना या सुधारणांचं धड काही कळत नव्हतं. बरं होतंय की वाईट होतंय, कुणाला विचारावं? विचारलं तर ज्याला-त्याला ठाऊक असल्यासारखं बोलायचे आणि दोघांचं एक जुळत नसे.

त्या दिवसांत शहरात परदेशी विद्यार्थी पुष्कळ. त्यांना दरसाल राहण्याचा परवाना लागे, त्याचे फॉर्म चार-चार प्रतींत. ते टाइप करून घ्यायला कुणीतरी कुणाला तरी बाईंचं नाव सांगितलं, आणि जिन्यावर उंच-उंच पोरांची रांग लागू लागली. त्यातला एक इद्रिस. इद्रिस आदम. भुईमुगावर पीएच.डी. करत होता. त्याच्या देशाचं नाव त्रिवेणीबाईंनी पुढे कधी कुणापुढे घेतलं नाही. तेव्हा आपणही घेऊ नये.

पोरगा लाघवी. पहिल्या खेपेलाच जिन्यात चपला काढून आला. हॉस्टेलात राहून त्याने आपली हैदराबादी उचलली होती, "हौ बाई", "नक्को बाई" करत बोलायचा. हॉस्टेलात टपाल हरवतं म्हणून त्याने बापाला बाईंचा पत्ता कळवला, आणि तेव्हापासून दर महिन्याला त्या लांबच्या देशातून एक पाकीट गौलीगुड्याला येऊ लागलं. पाकिटाच्या पाठीवर स्वच्छ इंग्रजीत: आदम सालेह, शाळामास्तर, गाव अमुक, जिल्हा तमुक. समोरच्या बाजूच्या पत्त्यातले सात बघण्यासारखे. प्रत्येक साताच्या कमरेला आडवी रेघ. पाकीट बघूनच बाई खूष. "याला म्हणतात रीत," त्या तेजश्रीला म्हणायच्या. "मास्तर आहेत ना, म्हणून."

आतलं पत्र त्यांच्या भाषेत असायचं. इद्रिस बाकावर बसून वाचायचा आणि थोडंथोडं सांगायचा. शेळी व्यायली, गुडघा दुखतोय, बहिणीचं ठरतंय. तळाशी मास्तरांची लफ्फेदार सही, आणि तिच्या वर नेहमी एक ओळ असायची. तिच्यावर बोट ठेवून इद्रिस सांगायचा, "बाई, ये तुम्हारे वास्ते. यंत्रवाल्या बाईंना माझा सलाम सांग, बोलके लिखे." मग त्रिवेणीबाई हात कपाळाला लावून म्हणायच्या, "मास्तरांना माझाही नमस्कार कळव." अकरा पत्रं आली. अकरा वेळा हे झालं. ती लिपी बाईंना वाचता येत नव्हती, पण ती ओळ दिसायला कशी आहे हे त्यांच्या डोळ्यांत बसलं होतं.

एक दिवस इद्रिस जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आला. डोळे नुसते चमकत होते. त्यांच्याकडच्या राष्ट्रप्रमुखाने रेडिओवर भाषण केलं होतं. सुधारणा होणार! पक्षांना परवानगी, पेपर मोकळे, आणि निवडणूक.

"तुमच्याकडेपण सुधारणा?" बाई म्हणाल्या. "डिश बसवणार का?"

तो हसला. म्हणाला, "नक्को बाई, डिश नहीं. वोट."

त्याने हाताने लिहिलेले दोन कागद पुढे केले. शहरात त्यांचे साठ-एक विद्यार्थी होते. त्यांनी बसून प्रश्न काढले होते, दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीमार्फत सरकारला पाठवायला. निवडणूक कितव्या महिन्यात? कुठल्या कायद्याने? बंद केलेले पक्ष उघडणार की नवेच निघणार? जे तुरुंगात आहेत ते कधी सुटणार? आणि आम्ही जे बाहेर देशी आहोत, आम्ही मत कुठे टाकायचं?

त्रिवेणीबाईंनी सवयीप्रमाणे आधी खालून बघितलं. तिथे फक्त 'हैदराबादेतले आपले विद्यार्थी' एवढंच होतं. मग वरून वाचलं आणि त्या बुचकळ्यात पडल्या. "अरे, ही विनंती आहे की उलटतपासणी? एका ठिकाणी 'कृपा करून' नाही! सरकारला असं विचारतात का रे?"

"बाई, उन्होंने वादा किया ना? वादे का पूछ रहे."

खरंच, कबूल केलेलं विचारायला कृपा कशाला? पण सरकार ते सरकार. आपल्याकडेही कोण विचारतं? बाईंनी स्वतः हजारो अर्ज टाइप केले होते, एकात प्रश्नचिन्ह टाकल्याचं आठवत नव्हतं. त्या प्रश्नचिन्हाची कळ त्यांच्या मशिनीवर नव्यासारखी लखलखीत होती.

इद्रिसला त्याच संध्याकाळी राजेंद्रनगरला जायचं होतं. प्रयोगाच्या शेतात भुईमूग काढणी होती, दहा दिवस तो तिथेच. आणि त्यांच्या राष्ट्रीय दिवसाच्या आत पत्र दिल्लीला पोचायला हवं होतं. "बाई, टाइप करके रजिस्टर पोस्ट से डाल देते क्या?" तो म्हणाला. "हौ, जा तू," त्या म्हणाल्या. खाली नाव घालू नका, हे सांगायची गरज त्याला वाटली नाही. त्याच्या देशात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आणि खाली नाव का नाही, हे विचारायची गरज बाईंना वाटली नाही. आजवर सगळ्यांनीच ती जागा त्यांच्या भरवशावर कोरी सोडली होती.

शनिवारी सकाळी त्यांनी पत्र टाइप केलं. प्रश्न जसेच्या तसे ठेवले. फक्त सुरुवातीला एक 'सविनय' घातलं, राहवलं नाही म्हणून. शेवटाशी आल्या आणि हात थबकला. निनावी! पोरांनी जीव ओतून लिहिलंय आणि हे जायचं कुठे, तर वकिलातीतल्या कुठल्यातरी पेशकाराच्या बंबात? त्यांनी रजिस्टर काढलं आणि टाइप केलं: सर्व विद्यार्थ्यांच्या वतीने, इद्रिस आदम, वय सत्तावीस, वडील आदम सालेह, धंदा शाळामास्तर, राहणार गाव अमुक, जिल्हा तमुक, हल्ली मुक्काम हैदराबाद, पत्रव्यवहार मार्फत घर नंबर १५-७-२१७, गौलीगुडा. सही करायला इद्रिस नव्हता. त्याचीही तोड होती. मूळ कागदावर सही झालेली आहे, ही नक्कल आहे, हे दाखवायला टायपिस्ट नावावर 'सही' एवढा शब्द टाइप करून पुढे रेघा मारतात. आपल्या कचेऱ्यांत ते सहीइतकंच चालतं. बाईंनी तेही टाइप केलं. एक प्रत स्वतःच्या फाइलला लावली, आणि नामपल्ली स्टेशनातल्या टपाल खिडकीवर स्वतः जाऊन रजिस्टर केलं. येताना त्यांना फार छान वाटत होतं. आपण त्या पोराचं भलं केलं, असं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी उत्तर आलं! जाड, पिवळसर पाकीट, वर राजमुद्रा, आणि इद्रिस आदम यांस असं ठसठशीत नाव. त्रिवेणीबाईंनी चौकातून पेढे आणवले. इद्रिस आला तेव्हा त्यांनी पाकीट दोन्ही हातांनी पुढे केलं. "घे! सरकारने उत्तर दिलं. मी सांगत नव्हते?"

इद्रिसने पाकिटावरचं आपलं नाव बघितलं आणि तो उभा होता तिथेच बाकावर बसला. पत्र इंग्रजीत होतं, म्हणून बाईंनीही वाचलं. किती अदबीचं पत्र! आपल्या सूचनांची आस्थेने नोंद घेतली आहे. सुधारणांविषयीच्या आपल्या उत्साहाचं कौतुक वाटतं. सविस्तर बोलण्यासाठी पासपोर्ट घेऊन दिल्लीस यावं. आणि शेवटी: आपले वडील, शाळामास्तर आदम सालेह यांची प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे.

"बघ!" त्रिवेणीबाई म्हणाल्या. "वडिलांचीसुद्धा चौकशी केली! आमच्या सरकारने कधी माझ्या बापाची प्रकृती विचारली नाही."

इद्रिसच्या हातात पेढा तसाच. बाईंना काही उमगेना. एवढं गोड पत्र आणि हा असा का बसलाय?

"बाई," तो फार हळू म्हणाला, "मेरे बाप का नाम इन को कौन दिया?"

खाली बस अड्ड्यावर कंडक्टर ओरडत होते, आत पाच-सहा मशिनी खडखडत होत्या. त्या सगळ्यात त्रिवेणीबाईंना कळलं. सगळं नाही कळलं, पण आपण काहीतरी करून बसलोय एवढं कळलं. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात इद्रिसच म्हणाला, "हामिद." हामिद त्याच्या खोलीतला, त्याच्याच गावाकडचा. पत्राचा कच्चा कागद त्याच्या समोर लिहिला होता. "वोइच है. और कोई नहीं जानता."

आणि त्रिवेणीबाई मूग गिळून बसल्या. एरवी गिऱ्हाईकाची एक मात्रा चुकली तर दहा माणसांत त्याची खरडपट्टी काढणारी बाई, त्या दिवशी तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. लाज वाटली, भीती वाटली, आणि त्याहून वाईट म्हणजे त्यांना अजूनही पुरतं पटत नव्हतं. नाव लिहिलं, त्यात वाईट काय? नाव काय शिवी आहे? मास्तर स्वतः पाकिटाच्या पाठीवर लिहितात ना?

इद्रिस दिल्लीला गेला नाही. त्याने हामिदची कॉलर धरली, हॉस्टेल सोडलं आणि कुकटपल्लीला हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत गच्चीवरची एक खोली घेतली. साठ पोरांत कुणी कुणाशी बोलेना. जो तो दुसऱ्याकडे संशयाने बघू लागला. आणि मास्तरांचं पत्र आलं नाही. एक महिना गेला, दुसरा गेला. पोस्टमन जिन्याच्या तोंडाशी आला की त्रिवेणीबाई शिकवायचं सोडून कठड्याशी जायच्या. पोस्टमन मान हलवायचा. त्यांचं जेवण तुटलं.

तेजश्री एक दिवस फाइली चाळत होती. मराठी वाचायला तिला दोन ओळींना दहा मिनिटं लागायची, पण इंग्रजी झरझर. "आत्या," ती म्हणाली, "ये इद्रिसभाईचं लेटर. नीचे नाम तू टाकलं क्या?"

"मग? निनावी अर्ज कोण वाचतं?"

"नाना पेशकार होते आत्या. नाना निनावी अर्ज जाळायचे, म्हणजे नानांना सबसे ज्यादा काय करता यायचं? जाळता यायचं. तिथे माणसं उचलतात."

"पण निवडणूक घेणार म्हणाले ना? सुधारणा म्हणाले ना?" त्रिवेणीबाईंचा आवाज चिरकला. "मोकळं करणार म्हणाले, मग नाव लिहायला भ्यायचं कशाला? आणि भ्यायचंच होतं तर विचारायचं कशाला? मला काही कळेनासं झालंय गं!"

तेजश्रीला तरी कुठे कळत होतं? तिने आत्याला पाणी आणून दिलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्ग बंद ठेवला. वर्ग काढल्यापासून पहिल्यांदा. दोन बस बदलून कुकटपल्लीला गेल्या, चार जिने चढल्या, आणि इद्रिसने दार उघडल्याबरोबर, धाप लागलेली असतानाच, सांगून टाकलं. "हामिदने नाही दिलं. मी दिलं. तुझं नाव, मास्तरांचं नाव, गाव, सगळं. रजिस्टरमधून काढून."

त्यांना वाटलं इद्रिस ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, "कायकू बाई?"

"तुला उत्तर यावं म्हणून."

तो गच्चीच्या कठड्याशी जाऊन उभा राहिला, पाठ करून. मग म्हणाला, "आप जाओ बाई." आजपर्यंत तो त्यांना 'तुम' म्हणत आला होता. त्या जिने उतरल्या आणि कोपऱ्यावरच्या पानटपरीशेजारी उभ्या राहून रडल्या, लोक बघत असताना. इद्रिस त्याच शुक्रवारी हामिदकडे गेला हे त्यांना नंतर कळलं. हामिदने त्याला आत घेतलं, चहा दिला, पण परत त्याच्याबरोबर एका खोलीत राहायला काही तयार झाला नाही.

घरी येऊन त्यांनी मशिनीवर कागद चढवला. वकिलातीला लिहायचं ठरवलं. मी, त्रिवेणी, असं लिहून देते की त्या पत्रावरचं नाव आणि सही मी माझ्या मनाने टाइप केली, इद्रिस आदम याला त्याची माहिती नव्हती, त्याच्या वडिलांचा तर काहीच संबंध नव्हता. मजकूर पाच मिनिटांत झाला. मग खालची जागा आली.

आणि काय सांगू! ज्या बाईने हजारो माणसांची नावं, बापांची नावं, पत्ते डोळे मिटून टाइप केले, तिची बोटं स्वतःच्या नावाशी अडली. आयुष्यात स्वतःचा असा एकही अर्ज त्यांनी कधी केला नव्हता. इतक्या लांबचं सरकार आपलं काय वाकडं करणार, हे कळत होतं. पण तेजश्रीचा पासपोर्ट व्हायचाय, तिला अमेरिकेला जायचंय. उद्या कुणी कुणाला कळवलं तर? गौलीगुडा लिहूच नये का? नुसतं हैदराबाद लिहिलं तर? घर नंबर तरी गाळावा? चार वेळा कागद काढला, चार वेळा चढवला. खालच्या रिकाम्या जागेकडे त्या बघत राहिल्या आणि इद्रिसने ती रिकामी का सोडली होती ते तेव्हा, इतक्या उशिरा, त्यांच्या अंगावर आलं.

शेवटी पाचव्यांदा त्यांनी टाइप केलं. त्रिवेणी, वडील अंबाजीराव, वय बावन्न, धंदा टायपिंग शिकवणे, राहणार घर नंबर १५-७-२१७, गौलीगुडा. आणि पेनने सही केली, रेघा मारून नव्हे.

त्याचा उपयोग झाला की आणखी बिघडलं, हे त्यांना कधीच कळलं नाही. तेजश्रीने इद्रिसला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "अब बाई का नाम भी गया उनके पास." दिल्लीहून पोचपावतीचं कार्ड तेवढं परत आलं. बाईंनी ते खालून बघितलं. शाईचं एक वेटोळं होतं, नाव नव्हतं. तिकडची निवडणूक पुढे ढकलली, असं तेजश्रीने पेपरात आतल्या पानावर कुठेतरी वाचलं. का ढकलली ते पेपरात नव्हतं.

पाच महिने झाले. आणि मार्चमध्ये, भर दुपारी, पोस्टमनने जिन्यावरून एक पाकीट वर भिरकावलं. तिकीट तिसऱ्याच कुठल्या देशाचं. पाठ कोरी. पाठवणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, काही नाही. पूर्वीच्या त्रिवेणीबाई असत्या तर त्यांनी नाक मुरडून ते कोपऱ्यात टाकलं असतं. त्यांनी पत्ता बघितला. १५-७-२१७. दोन्ही सातांच्या कमरेला आडवी रेघ होती.

वर्गातल्या पोरींना "बसा, हलू नका" म्हणून त्या तशाच निघाल्या, पदर खोचून, पायात घरातल्या चपला. बसमध्ये पाकीट छातीशी धरून बसल्या होत्या. कुकटपल्लीचे चार जिने कसे चढल्या त्यांना आठवत नाही.

इद्रिसने पाकीट बघितलं, साताकडे बघितलं, आणि बाईंकडे बघितलं. मग तो उंबऱ्यावरच बसला आणि वाचू लागला. वाचता वाचता त्याचे खांदे हलायला लागले. "जिंदा है," तो म्हणाला. "बाई, जिंदा है." आणि लहान पोरासारखा रडला. त्रिवेणीबाई त्याच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या. त्याने त्यांना बसू दिलं.

थोड्या वेळाने त्याने सांगायला सुरुवात केली, पूर्वीसारखं, थोडंथोडं. शाळेतून काढलं. घराला कुलूप आहे. सीमा ओलांडून तुझ्या आत्याकडे आलोय. तिचं नाव लिहीत नाही. चाळीस दिवस चौकीवर होतो. तिथे त्यांनी एक टाइप केलेला कागद दाखवला, त्यावर माझं नाव, गाव, धंदा, सगळं बरोबर होतं, एक चूक नव्हती. गुडघा बरा आहे. इथेही फार दिवस राहता येणार नाही. मला लिहू नकोस, मी सांगेपर्यंत येऊ नकोस. भुईमूग कसा आला?

इद्रिस थांबला. "बस," तो म्हणाला. "इतनाच है."

पण कागद त्रिवेणीबाईंच्या समोरच होता आणि त्यांची नजर सवयीने कधीच तळाशी गेली होती. तिथे ती लफ्फेदार सही नव्हती. कोरं होतं. पण त्या कोऱ्या जागेच्या वर एक ओळ होती, आणि ती त्यांनी अकरा वेळा बघितली होती.

"ती वाच," त्या म्हणाल्या.

इद्रिसने मान खाली घातली. "बाई, उन को मालूम नहीं..."

"वाच रे."

"यंत्रवाल्या बाईंना माझा सलाम सांग, बोलके लिखे."

त्रिवेणीबाईंचा हात आपोआप कपाळापर्यंत गेला. "मास्तरांना माझाही नमस्कार कळव," त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना आठवलं की कळवायला पत्ता नाही.